चक्करची गोळी आणि गिनीपिगचा कान

कान-नाक-घशाच्या ओपीडीत चक्करचा पेशंट आला की पुढचा संवाद बहुतेक ठरलेला असतो. "खोली गरगर फिरते, उलटी होते, कानात शिट्टी वाजते." तपासणी होते आणि कागदावर बीटाहिस्टीन लिहिलं जातं. सोबत आलेला मुलगा विचारतो, "ही कशाची गोळी, डॉक्टर?" ज्युनिअर मान वर न करता सांगतो, "कानातलं रक्ताभिसरण वाढवते." मुलाचं समाधान होतं. माझंही बरीच वर्षं होत असे.

हे प्रकरण त्या तीन शब्दांचं आहे. कानातलं म्हणजे नेमकं कोणाच्या कानातलं? रक्ताभिसरण मोजलं कशानं? आणि वाढलं असेल, तर त्यातून पेशंटच्या पदरात काय पडलं? अशा प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की बऱ्याच औषधांच्या बाबतीत एक टोक तरी सापडत नाही. बीटाहिस्टीनची दोन्ही टोकं छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. एकीकडे प्राण्याच्या आंतरकर्णातल्या केशवाहिन्यांत डोळ्यांनी पाहून केलेली मोजणी आहे, दुसरीकडे माणसांवरची मोठी चाचणी आहे, आणि दोन्ही शोधनिबंधांच्या लेखकांत एक नाव सारखं आहे. म्हणून हे प्रकरण निवडलं.

गोळीची कुंडली

बीटाहिस्टीन हे हिस्टामिनचं भाऊबंद रसायन. हिस्टामिन रक्तवाहिन्या रुंदावतं हे जुनं ज्ञान. मेनिएरच्या आजारात, म्हणजे चक्करचे झटके, कानातली शिट्टी आणि उतरतं ऐकणं असा जो कानाचा आजार असतो त्यात, हिस्टामिनची इंजेक्शनं देऊन पाहण्याचा काळही होऊन गेला. तोच गुण तोंडाने घेता येईल अशा रूपात, म्हणून बीटाहिस्टीन पुढे आलं. अमेरिकेत १९६० च्या दशकात त्याला मंजुरी मिळाली आणि पुरावा लंगडा ठरल्यावर ती काढूनही घेतली गेली. युरोपात १९७० पासून ते विकलं जातं. आपल्याकडे ते इतकं रुळलंय, की 'चक्करची गोळी' म्हटलं तरी दुकानदाराला कळतं.

ज्या आजारासाठी ते मुख्यतः द्यायचं, त्याकडे प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये पॅरिसमध्ये लक्ष वेधलं. चक्करचं मूळ मेंदूत नसून कानात असू शकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९३८ मध्ये लंडनच्या हॉलपाइक आणि केर्न्स यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानच्या यामाकावा यांनी, अशा पेशंटांच्या मृत्यूनंतर कानाची हाडं कापून पाहिली. आतल्या पडदानळीत एंडोलिम्फ नावाचा द्रव तुंबलेला होता, पडदे फुगलेले होते. हा द्रव टिकवून धरण्याचं मोठं काम 'स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस' नावाची पट्टी करते. नावातच रक्तवाहिन्या आहेत. कॉक्लियाच्या, म्हणजे शंखासारख्या वेटोळ्या नळीच्या, बाहेरच्या भिंतीला ती चिकटलेली असते आणि केशवाहिन्यांनी गच्च भरलेली असते.

आता तर्क पाहा. स्ट्रियाचं रक्ताभिसरण बिघडलं, म्हणून द्रवाचं गणित बिघडलं, म्हणून झटका आला. तेव्हा रक्ताभिसरण सुधारा, झटके थांबतील. साखळी सरळ दिसते. पण तिची प्रत्येक कडी वेगळी तपासावी लागते, आणि पहिल्याच कडीला मोजणीचा प्रश्न आडवा येतो.

दहा मिनिटांत एक थेंब

अख्ख्या मानवी कॉक्लियाला मिळणारं रक्त हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या साधारण दहा लाखांशाइतकं असतं, असा अंदाज आहे. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलतं, म्हणजे कॉक्लियाच्या वाट्याला मिनिटाला ५ मायक्रोलिटर. सलाइनच्या नळीतून पडणारा साधा थेंब ५० मायक्रोलिटरच्या आसपास असतो. म्हणजे दहा मिनिटांत एक थेंब, आणि तोही शरीरातल्या अतिशय कठीण हाडाच्या आत.

हे रक्त येतं लॅबिरिंथाइन धमनीतून. ती बहुधा मेंदूच्या मागच्या बाजूला रक्त देणाऱ्या बॅसिलर धमनीच्या एका फांदीची उपफांदी असते. तिला पर्यायी वाट जवळपास नाही. ही धमनी अडली तर काय होतं, हे पर्लमन, किमुरा आणि फर्नांडेझ यांनी १९५९ मध्ये गिनीपिगमध्ये ती तात्पुरती दाबून दाखवलं. मिनिटाभरात कॉक्लियाचे विद्युत संकेत मावळले. दाब आठ मिनिटांच्या आत काढला तर ते परतले. अर्धा तास ठेवला तर परतले नाहीत. स्ट्रिया एंडोलिम्फला सुमारे ८० मिलिव्होल्ट धन दाबावर चढवून ठेवते. ती अहोरात्र चालणाऱ्या मोटरसारखी आहे, वीज गेली की लगेच बसते.

या प्रयोगाचा उल्लेख 'रक्ताभिसरण वाढवणाऱ्या' औषधांच्या समर्थनात फार वेळा होतो, म्हणून इथेच एक खुंटी ठोकून ठेवतो. रक्त थांबलं तर कान थांबतो, एवढंच तो सांगतो. रक्त पुरेसं असताना आणखी दिलं तर कान सुधारतो, असं तो सांगत नाही. नळाला पाणी आलं नाही तर स्वयंपाक अडतो. दुप्पट आलं म्हणून दुप्पट भाकऱ्या होत नाहीत.

मोजायचं कसं

जुनी आणि कष्टाची पद्धत म्हणजे सूक्ष्म गोळ्यांची. साधारण १५ मायक्रॉन व्यासाच्या गोळ्या प्राण्याच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात सोडायच्या. केशवाहिन्यांपेक्षा किंचित मोठ्या असल्याने त्या जिथे पोचतील तिथे अडकतात. त्याच वेळी एका धमनीतून ठराविक वेगाने रक्त ओढून घ्यायचं, त्यातल्या गोळ्या मोजायच्या, मग प्राणी मारून कॉक्लियातल्या गोळ्या मोजायच्या. त्रैराशिक मांडलं की खरा प्रवाह मिळतो, मिलिलिटरमध्ये. हाच या पद्धतीचा दागिना. अडचण अशी, की आकडा भरवशाचा हवा तर अवयवात चारेकशे गोळ्या सापडायला हव्यात, आणि इवल्याशा कॉक्लियात पोचतात मोजक्याच. शिवाय प्राणी मेला की मोजणी संपली. औषधाआधी आणि औषधानंतर असं एकाच कानात सलग पाहता येत नाही. स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात या पद्धतीवर चिकाटीने काम झालं. आज ती फारशी कोणी करत नाही.

१९८३ मध्ये जोसेफ मिलर आणि सहकाऱ्यांनी लेसर डॉप्लर कॉक्लियावर आणला आणि चित्र पालटलं. तत्त्व सोपं आहे. मंद लेसर किरण बारीक तंतूतून हाडावर टाकायचा. आतल्या हलत्या लाल पेशींवर आदळून परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता किंचित बदलते, आगगाडी जवळ येताना आणि लांब जाताना शिट्टीचा सूर बदलतो तशी. त्या बदलावरून यंत्र एक आकडा काढतं: किती पेशी, गुणिले सरासरी वेग. सलग, क्षणाक्षणाला, कॉक्लिया न उघडता. औषध शिरेत सोडा आणि पडद्यावरची रेघ चढताना पाहा. प्रयोग करणाऱ्याला यापेक्षा काय हवं?

गिनीपिग यासाठी जणू घडवून आणलेला प्राणी आहे. त्याच्या कानामागची हाडाची पोकळी उघडली की आत कॉक्लिया पुढे आलेला दिसतो, वेटोळी मोजता येतील असा. त्यावरचं हाड इतकं पातळ की प्रकाश सहज आरपार जातो.

पण त्या आकड्याला एकक नाही, हे विसरायचं नाही. यंत्र मिलिलिटर सांगत नाही. औषधाआधीचं वाचन १०० टक्के धरायचं आणि पुढचं त्याच्या तुलनेत सांगायचं. म्हणून दोन कानांची, दोन प्राण्यांची थेट तुलना करता येत नाही. प्राणी मेल्यावरही रेघ शून्यावर येत नाही; ऊतींतल्या बारीकसारीक हालचाली ती थोडी वर धरून ठेवतात. आणि रक्तदाब चढला की कानातला प्रवाहही चढू शकतो, त्यामुळे धमनीत नळी घालून दाब सोबत मोजावाच लागतो. दाब न वाढता प्रवाह वाढला, तरच वाहिन्या रुंदावल्या म्हणायचं. भूल कोणती दिली, शरीराचं तापमान किती होतं, यानेही रेघ हलते. गिनीपिगला नेहमी दिल्या जाणाऱ्या भुलीतलं झायलाझिन स्वतःच रक्तवाहिन्यांशी खेळतं. जुने निबंध वाचताना मी आधी भुलीचा परिच्छेद वाचतो, निष्कर्ष नंतर.

बीटाहिस्टीनवर हे यंत्र चाललं ते १९९० च्या दशकात. फिनलंडच्या लाउरिकाइनेन यांनी अमेरिकेतल्या मिलर-नटल मंडळींसोबत उंदीर आणि गिनीपिग यांच्या कॉक्लियावर औषधाचा परिणाम पाहिला. प्रवाह वाढला. 'कानातलं रक्ताभिसरण वाढवते' या वाक्याला पहिल्यांदाच नीट यंत्राचा आधार मिळाला तो इथे.

तिसरी पद्धत माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिक आहे, कारण तिच्यात रक्त दिसतं. गिनीपिगच्या कॉक्लियाच्या दुसऱ्या वेटोळ्याच्या बाहेरच्या भिंतीत मिलिमीटरहून लहान खिडकी कोरायची. हाताला कंप असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. किंचित खोल गेलं की स्ट्रियाच फाटते. रक्तात चमकणारा रंग सोडायचा, मोठ्या साखर-रेणूला जोडलेला, म्हणजे तो वाहिनीबाहेर गळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या उजळतात आणि लाल पेशी त्या उजेडात काळ्या ठिपक्यांसारख्या सरकताना दिसतात. त्यांचा वेग मोजायचा, वाहिनीचा व्यास मोजायचा, गुणाकार करायचा. अशा खिडकीतून जिवंत कॉक्लियातलं रक्त पाहण्याची सुरुवात १९५० च्या दशकातच झाली होती. चमकणारे रंग आणि व्हिडिओ यांनी ते मोजण्याजोगं केलं.

इलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हीच खिडकी वापरून बीटाहिस्टीन तपासलं. प्राण्यांचे गट केले: वजनाच्या दर किलोला १, ०.१, ०.०१ आणि ०.००१ मिलिग्रॅम असे चार डोस, आणि एका गटाला नुसतं मिठाचं पाणी. सगळं शिरेतून. सर्वांत मोठ्या डोसला स्ट्रियातला प्रवाह मूळच्या सरासरी १.३४ पट झाला, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने वाढला. त्याखालच्या डोसला वाढ कमी. तळाच्या दोन डोसांना नोंद घेण्याजोगी वाढ नाही. डोस वाढवला तसा परिणाम वाढला. औषधशास्त्रात याला वजन असतं, योगायोग असा पायऱ्यापायऱ्यांनी चढत नाही.

इथवर प्रकरण औषधाच्या बाजूने भक्कम आहे, आणि मला ते कमी लेखायचं नाही. दोन वेगळ्या पद्धती एकाच दिशेला बोट दाखवतात. बीटाहिस्टीन गिनीपिगच्या आंतरकर्णातला रक्तप्रवाह वाढवतं, हे मी मानतो.

माणसाचा कान

लेसर डॉप्लर माणसाच्या कानावरही लावला गेला. कानाचा पडदा उचलायचा किंवा त्याला छेद द्यायचा आणि तंतूचं टोक प्रोमोंटरीवर, म्हणजे मधल्या कानात फुगवट्यासारख्या दिसणाऱ्या कॉक्लियाच्या पहिल्या वेटोळ्याच्या हाडावर, टेकवायचं. पडद्यावर रेघ येते, नाडीबरोबर हलते, औषधाला प्रतिसादही देते. बघणाऱ्याला वाटतं, जमलं.

ती रेघ कुठल्या रक्ताची आहे, हा खरा प्रश्न. माणसाच्या प्रोमोंटरीचं हाड जाड आणि घट्ट असतं. या यंत्राचा किरण ऊतीत साधारण मिलिमीटरभर खोल जातो. त्याला वाटेत पहिल्यांदा भेटतं ते हाडावरचं श्लेष्मल आवरण, आणि त्या आवरणाला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात. त्या वाहिन्या येतात बाह्य कॅरोटिडच्या फांद्यांतून, गळ्याच्या पुढच्या बाजूने. कॉक्लियाचं रक्त येतं व्हर्टिब्रल-बॅसिलरच्या खोऱ्यातून, मानेच्या मागून. दोन्हींचा उगम एकाच महाधमनीत असला तरी खोरी वेगळी. कृष्णा आणि गोदावरी दोन्ही सह्याद्रीतच उगम पावतात, पण नाशिकच्या घाटावरची पट्टी वाचून सांगलीचा पूर कोणी सांगत नाही. प्रोमोंटरीवरच्या लेसर डॉप्लरकडून आपण नेमकं तेच करवून घेत होतो.

आवरण खरवडून काढलं, डाग देऊन जाळलं, त्यावर आकुंचन करणारं औषध टाकलं, तरी हाडातल्या वाहिन्या राहतातच. आणि प्रवाहाचा किती भाग कोणाचा, हे एककाविना आकड्यातून वेगळं काढता येत नाही. गिनीपिगमध्ये अशी शंका आली तर कॉक्लियाला रक्त देणारी धमनी चिमट्याने दाबून रेघ किती पडते ते पाहता येतं. जिवंत माणसात ही तपासणी कोण करणार?

जपानमधल्या नागोयाच्या नाकाशिमा गटाने यातून एक चतुर वाट काढली. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे बहिऱ्या कानासाठीचं विद्युत उपकरण, बसवताना कॉक्लियाला भोक पाडावंच लागतं. इलेक्ट्रोड घालण्याआधी त्याच भोकातून लेसर डॉप्लरचा तंतू आत नेऊन मोजायचं. हाड वाटेतून गेलं. पण मोजणी कोणाची झाली? जवळजवळ पूर्ण बहिरे झालेल्या कानांची. मेनिएरचा पेशंट, ज्याचं ऐकणं अजून बऱ्यापैकी शाबूत आहे, त्याच्या कॉक्लियाला मोजणीसाठी भोक पाडणं कुठलीच नीतिसमिती मंजूर करणार नाही, करूही नये.

याच नागोयातून २००७ मध्ये आलेली आणखी एक गोष्ट मेनिएरसाठी मोठी ठरली. कानाच्या पडद्यातून गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयच्या चित्रात उजळून दिसणारं द्रव्य, सोडून एमआरआयवर जिवंत माणसाच्या कानात तुंबलेला एंडोलिम्फ दाखवण्यात आला. १९३८ मध्ये मृत्यूनंतर जे दिसलं, ते आता जिवंतपणी दिसू लागलं. गॅडोलिनियम शिरेतून देऊन चारेक तासांनी स्कॅन केला, तर आंतरकर्णातल्या रक्तवाहिन्यांची भिंत किती गळकी आहे याचा अंदाजही येतो. पण गळती म्हणजे प्रवाह नव्हे. पाइपलाइनला गळती लागली हे कळलं, म्हणून त्यातून मिनिटाला किती पाणी जातं हे कळत नाही. अँजिओग्राफीचं म्हणाल, तर एमआरआयच्या चित्राचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरच्या घरातला आणि स्ट्रियाची केशवाहिनी दहा-पंधरा मायक्रॉनची. एका ठिपक्याच्या आत अशा वाहिन्या तीस-चाळीस ओळीने बसतील. "कानाची अँजिओग्राफी करून ब्लॉक बघता येईल का?" असं नातेवाईक विचारतात. प्रश्न शहाणा आहे. उत्तर 'नाही' आहे.

म्हणजे हिशेब असा: बीटाहिस्टीन घेतलेल्या मेनिएरच्या पेशंटच्या स्ट्रियात प्रवाह वाढतो का, हे थेट पाहण्याची सोय माणसात नाही.

दोनशे एकवीस माणसं

थेट पाहता येत नाही, तर परिणाम पाहा. जर्मनीत चौदा केंद्रांनी मिळून ते केलं. मेनिएरचे २२१ पेशंट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. एका गटाला दिवसातून दोनदा २४ मिलिग्रॅम, दुसऱ्याला तीनदा ४८ मिलिग्रॅम, तिसऱ्याला तशीच दिसणारी नकली गोळी. नऊ महिने. कोणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत, ना डॉक्टरला. पेशंटांनी झटक्यांची डायरी लिहायची.

निकाल २०१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. झटके कमी झाले. तिन्ही गटांत झाले. नकली गोळीच्या तुलनेत झटक्यांच्या दराचं गुणोत्तर छोट्या डोसला १.०३६ आणि मोठ्या डोसला १.०१२. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. या निबंधाचे शेवटचे लेखक मिखाएल श्ट्रुप. २०१२ च्या गिनीपिगच्या निबंधावरही त्यांचं नाव आहे. ज्याने खिडकीतून लाल पेशींना वेग आलेला दाखवला, त्यानेच डायरीत काही फरक पडला नाही हेही छापलं. या व्यवसायात असं फार वेळा घडत नाही, म्हणून मला त्या माणसाबद्दल आदर आहे.

मग चुकलं कुठे? गिनीपिगची मोजणी खोटी होती का? तसं मला वाटत नाही. दोन्ही मोजण्या खऱ्या असू शकतात. मधल्या पायऱ्या आपण गृहीत धरल्या.

पहिली पायरी पोटातली आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत निसरडी. गिनीपिगला औषध शिरेतून दिलं. माणूस गोळी गिळतो. बीटाहिस्टीन आतड्यातून यकृताकडे जातं तेव्हा मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचं विकर वाटेतच त्याचा फडशा पाडतं. रक्तात दिसतं ते बहुतेक त्याचं निकामी रूप. मूळ औषध इतकं कमी उरतं की गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात ते मिलिलिटरमागे ०.१ नॅनोग्रॅम या मोजणीच्या मर्यादेखाली असतं. आता डोस पाहा. ४८ मिलिग्रॅमची गोळी ७० किलोच्या माणसाला म्हणजे किलोमागे सुमारे ०.७ मिलिग्रॅम. कागदावर तो गिनीपिगच्या सर्वांत मोठ्या डोसच्या जवळ दिसतो. लहान प्राण्याचा चयापचय जलद असतो हे धरून नेहमीचं रूपांतर केलं, तर गिनीपिगचा १ मिलिग्रॅम माणसात किलोमागे ०.२ च्या आसपास येतो, म्हणजे गोळी उलट जास्तच भरते. पण हे सगळं रक्तात पोचलं तर. पोचतो त्यातला नगण्य अंश. गिनीपिगच्या तळाच्या दोन डोसांना काहीच झालं नव्हतं, हे इथे आठवावं. कदाचित जर्मनीतल्या पेशंटांच्या स्ट्रियापर्यंत औषध गेलंच नसेल. तसं असेल तर चाचणीने औषध नापास केलं की गोळी नापास केली, हा प्रश्न उघडा राहतो.

दुसरी पायरी म्हणजे निरोगी कान आणि आजारी कान यांतला फरक. गिनीपिग धडधाकट होता. त्याच्या वाहिन्या रुंद झाल्या. ज्या कानात वर्षानुवर्षं द्रव तुंबलाय, तिथल्या वाहिन्या तशाच वागतील हे कोणी पाहिलेलं नाही. आधी ठोकलेली खुंटीही इथे उपयोगी पडते: त्या पेशंटांत रक्त कमी पडत होतं की नाही, हेच माहीत नसेल तर एक तृतीयांश वाढीचं काय करायचं?

तिसरी पायरी वेळेची. सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी मिनिटांची, मेनिएरचा आजार वर्षांचा. त्याचे झटके आपोआप येतात, आपोआप विरळ होतात. पेशंट डॉक्टरकडे येतो तो झटके शिगेला असताना. त्यानंतर उतार पडणारच असतो. नकली गोळीच्या गटातही झटके का घटले, याचं बरंचसं उत्तर यात आहे. ओपीडीत "या गोळीने फरक पडला, डॉक्टर" हे मी कित्येकदा ऐकलंय आणि श्रेय निमूटपणे घेतलंय. तोच उतार नकली गोळीवरही पडला असता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

या चाचणीवर टीकाही झाली, ती सांगायला हवी. नकली गोळीचा प्रतिसाद इतका मोठा होता की लहानसा खरा फायदा त्याखाली झाकला गेला असेल, असं काहींचं म्हणणं. ते अशक्य नाही. पण मग तो फायदा लहानसाच.

पुढे काय चाललंय

पोटातल्या पायरीवर संशोधक कामाला लागले आहेत. पार्किन्सनच्या आजारात वापरलं जाणारं सेलेजिलीन हे औषध त्या फडशा पाडणाऱ्या विकराला रोखतं. ते सोबत दिलं की निरोगी माणसांच्या रक्तात बीटाहिस्टीनची पातळी कित्येक पटींनी चढते, हे दाखवलं गेलं आहे. श्ट्रुप त्यातही आहेत. ही जोडी घरच्या घरी जुळवायची नाही. सेलेजिलीन इतर अनेक औषधांशी, विशेषतः नैराश्याच्या गोळ्यांशी, भांडतं.

मोजणीच्या बाजूलाही नवी यंत्रं आली आहेत. लेसर स्पेकल पद्धतीत सगळ्या पृष्ठभागाचा प्रवाह एका चित्रात दिसतो, एका बिंदूचा नव्हे. ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, तीच जी डोळ्याच्या दवाखान्यात रेटिनासाठी वापरतात, तिच्या एका रूपाने उंदराच्या कॉक्लियातल्या वाहिन्या हाडाला खिडकी न पाडता उभ्या केल्या आहेत. केसासारख्या बारीक एंडोस्कोपने केशवाहिन्यांत डोकावून झालं आहे. सगळं प्राण्यांत. माणसाचं हाड तसंच जाड आहे.

डोळ्याचं उदाहरण इथे मनात येतंच. रेटिनाच्या वाहिन्या बाहुलीतून थेट दिसतात, म्हणून मधुमेहाने त्यांचं काय होतं हे डोळ्याच्या डॉक्टरला फोटो काढून दाखवता येतं. आम्हा कानवाल्यांच्या नशिबी ऑडिओग्राम. स्ट्रियाचं रक्त कमी झालं की विद्युत दाब उतरतो, दाब उतरला की ऐकणं उतरतं; तेव्हा ऐकण्याचा आलेख हाच आमचा लांबचा, उशिराचा, इतर दहा कारणांनीही हलणारा प्रवाहमापक. म्हणूनच साठीच्या, रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या माणसाला एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं आणि त्याच वेळी जोराची चक्कर आली, तर मी चक्करची गोळी लिहून घरी पाठवत नाही. लॅबिरिंथाइन धमनी ज्या फांदीवर आहे, तीच फांदी लहान मेंदूलाही रक्त देते. कान कधी कधी पक्षाघाताची पहिली बातमी देतो. तिथे मेंदूचा एमआरआय त्याच दिवशी.

मेनिएरच्या पेशंटला बीटाहिस्टीन मी अजूनही कधीकधी देतो. दुष्परिणाम कमी, किंमत परवडणारी, आणि या आजारात भरवशाचे पर्याय फार नाहीत. चालू असलेली गोळी हे वाचून कोणी परस्पर बंद करू नये. फक्त मुलाने "ही कशाची गोळी?" विचारल्यावर काय सांगायचं, ते ज्युनिअरला बदलायला लावलं. आता तो सांगतो, "झटके कमी व्हावेत म्हणून देतोय. काहींना बरं वाटतं, पण मोठ्या चाचणीत नकली गोळीपेक्षा फरक दिसला नाही. तीन महिने डायरी लिहा, मग ठेवायची की काढायची ते बघू." वेळ थोडा जास्त लागतो. परवा एका आजींनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग डायरीच द्या की नुसती!"